डबा आमच्याकडे, टीव्ही त्यांच्याकडे

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो दोन खोक्यांतून आला, आणि पुढे जो घोळ झाला तो त्या दोन खोक्यांमुळेच झाला, असं माझं आजही ठाम मत आहे. एकाच खोक्यात आला असता तर वाटणीच्या दिवशी त्याला कुणी हात लावला नसता.

तेव्हा सणसरला आमचं घर एकत्र होतं. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आणि त्यांचे धाकटे भाऊ नाना. दोघांचा ऊस एका बांधात, दोघांची चूल एक. नानांची मुलगी माझ्यापेक्षा वर्षाने मोठी. मी तिला ताई म्हणायचे आणि ती मला बारकी. घरात पोरी आम्ही दोघीच, त्यामुळे 'पोरींनी शिकलं पाहिजे' हे वाक्य सकाळच्या चहाबरोबर कपातच मिळायचं. त्या वाक्यापायी एका वर्षी उसाच्या बिलातून कॉम्प्युटर आला. कंपनीचा, तयार, सीलबंद. बारामतीतला एक दुकानदार सुटे भाग जोडून स्वस्तात द्यायला तयार होता, पण नानांनी त्याला उभं केलं नाही. जोडलेल्या वस्तूचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं.

मोठ्या खोक्यातून सीपीयू निघाला, धाकट्यातून मॉनिटर. हे दोन्ही शब्द मी शाळेत शिकून आले होते आणि घरात सगळ्यांना शिकवायचा चंग बांधला होता. नानांनी नीट ऐकून घेतलं, 'व्हय व्हय' म्हणाले आणि त्या दिवसापासून एकाला डबा आणि दुसऱ्याला टीव्ही म्हणू लागले. मग सगळं घर तेच म्हणू लागलं. आता मीही तेच म्हणते.

अभ्यासासाठी आलेल्या त्या यंत्रावर आम्ही आठवड्याच्या आत गाड्यांच्या शर्यतीचा गेम टाकला. ताईच्या वर्गातल्या एका मुलीकडून पेनड्राइव्हवर आणला होता. दोघींनी खेळायचं म्हटलं की पडदा मधोमध आडवा दुभागायचा. वरच्या अर्ध्यात ताईची गाडी, खालच्या अर्ध्यात माझी. कीबोर्ड एकच. बाणांची बटणं ताईकडे, अक्षरांची माझ्याकडे. टेबलासमोर बाज ओढायची आणि दोघींनी खांद्याला खांदा लावून बसायचं. अवघड वळण आलं की ताई गाडीबरोबर स्वतःही कलायची आणि मला बाजेवरून खाली ढकलायची. हरल्यावर मी त्याबद्दल तक्रार करायचे. जिंकल्यावर करायची वेळ फारशी आली नाही.

ताई ब्रेक लावायची नाही. लावायचीच नाही. त्या बटणाला तिने कधी बोट लावलेलं मला आठवत नाही. वळणावर भिंतीला आदळायची, गरगर फिरायची, उलट्या दिशेला तोंड करून उभी राहायची आणि तरीही माझ्या आधी पोचायची. मी प्रत्येक वळणावर शिस्तीत वेग कमी करायचे.

"बारके," ती म्हणायची, "तू वळणावर च्या प्यायला थांबतीस का गं?"

अण्णा कधीमधी मागे येऊन उभे राहायचे. त्यांनी तो कॉम्प्युटर स्वतः कधी चालू केला नाही, पण शर्यत मन लावून बघायचे. ताईची गाडी आदळली की हळहळायचे आणि नानांना हाक मारून सांगायचे, "हिच्या हातात ट्रॅक्टर देऊ नगंस रं, बांध ठेवायची न्हाय ही." पलीकडून नानांचं हसू ऐकू यायचं.

विजेचा काही नेम नसायचा. वीज गेली की टेबलाखालचा यूपीएस कोकलायला लागायचा, आणि तो कोकलत असेपर्यंतच शर्यत संपवायची असायची. आमच्या सगळ्यात भन्नाट शर्यती त्या आवाजातच झाल्या. मग एकदम सगळं काळं. आम्ही दोघी किंचाळायचो आणि स्वयंपाकघरातून काकी विचारायची, "अभ्यासच चाललाय न्हवं?" आम्ही एका सुरात "व्हय" म्हणायचो. ऊस तुटून गेला की लोक रानातलं पाचट पेटवायचे. त्याची काजळी खिडकीतून आत यायची आणि कीबोर्डवर काळ्या पाकळ्या पडायच्या. फुंकर मारून उडवायच्या आणि पुन्हा सुरू. जळक्या पाचटाचा वास आला की मला अजूनही हाताशी कीबोर्ड हवासा वाटतो. आता मी बँकेत नोकरी करते, तिथे बसून असं वाटणं बरं नव्हे, पण वाटतं.

मग वाटणी झाली. तेव्हा भांडण नव्हतं, हे मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की भांडण झालं म्हणून वाटणी झाली. आमच्याकडे उलटं झालं. घर पुरेना, दोघी जावांना आपापली चूल हवी होती आणि दोघे भाऊ हसतमुखाने तयार होते. आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळी भावकी आबा म्हणायची, ते मधे बसले. जमीन टेपने मोजली. विहीर सामाईक ठेवली. घोंगडी अंथरून त्यावर भांडी मांडली आणि जोडीजोडीने वाटली. सगळं कसं गोडीत चाललं होतं. आणि मग आबांची नजर टेबलाकडे गेली.

"ही किती खोक्यात आलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"दोन," कुणीतरी सांगितलं.

"मग झालं की. येक खोकं ह्याला, येक त्याला."

डबा अण्णांकडे, टीव्ही नानांकडे. पण टीव्ही दिसायला भारी दिसतो, मग अण्णांचं पारडं हलकं राहायला नको म्हणून आबांनी कीबोर्ड, माउस आणि यूपीएस डब्याच्या बाजूला सरकवले. असा न्याय. आम्हा दोघींना आत चहा करायला पाठवलं होतं. कुणीतरी येऊन सांगितलं तशा आम्ही आधण टाकून बाहेर पळालो.

"आबा," मी म्हणाले, "एकावाचून दुसरं चालत न्हाय ते."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता यांना चूक कळली.

"मग चांगलंच झालं की," ते म्हणाले. "येकमेकींकडं जात ऱ्हावा."

मला इतका राग आला होता की मी रात्री जेवले नाही. म्हातारं माणूस, कॉम्प्युटर कशाशी खातात ते माहीत नाही आणि निवाडा करायला बसलंय, असं मी आईला म्हणाले आणि वर एक धपाटाही खाल्ला.

पण पहिला उन्हाळा आबांच्या म्हणण्याप्रमाणेच गेला. सुट्टीच्या दिवशी ताई त्यांच्या दारातून बाहेर पडायची. दोन्ही हातांत टीव्ही छातीशी धरलेला, वायर गळ्यात. अंगण ओलांडून आमच्या दारात यायची आणि ओरडायची, "बारके, सरक. टीव्ही आलाय." मी डबा तयार ठेवलेला असायचा. दिवसभर खेळायचो आणि संध्याकाळी ती वायर गुंडाळून टीव्ही परत घेऊन जायची. हितंच ठेव म्हटलं तर ठेवायची नाही. वाटणी म्हणजे वाटणी. आई आणि काकी त्यावर हसायच्या.

मग विहिरीवरून बिनसलं. मोटर कुणी आधी लावायची, कुणाची पाळी कुणी खाल्ली, असलं काहीतरी. मला त्यातलं खरंखोटं आजही ठाऊक नाही आणि आता विचारायचीही इच्छा नाही. त्याच वर्षी आबा गेले, त्यामुळे दोघांना समोरासमोर बसवणारं कुणी उरलं नाही. अंगणात भिंत उभी राहिली. डोक्याएवढी, आधी नुसत्या विटांची, मग दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली. त्या रविवारी मी डबा पुसून ठेवला आणि चालू करून बसले. टीव्हीशिवाय त्याचा नुसता पंखा घुमत होता. ताई आली नाही. दुपारी आईने मुख्य बटण बंद केलं आणि म्हणाली, "वीज जळतीया उगी."

अण्णांनी पुढे इंदापुरातल्या बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून मला दुसरा टीव्ही आणून दिला. त्यावर मी बारावी केली, कॉलेज केलं, बँकेच्या परीक्षांचा अभ्यास केला. गेम मात्र कधी उघडला नाही, आणि पुसूनही टाकला नाही. पलीकडच्या टीव्हीचं काय झालं ते आमच्या जिन्याच्या खिडकीतून दिसायचं. काकीने त्यावर क्रोशाचं पांढरं आच्छादन घातलं होतं. ताई त्यांच्या खोलीत टेबलाशी बसायची, आच्छादन वर करून काळ्या पडद्यात बघून भांग पाडायची. मला हसू यायचं आणि ते सांगायला कुणी नव्हतं.

तिचं लग्न सणसरलाच झालं, विहारासमोरच्या मांडवात. आम्हाला पत्रिका आली नाही. मी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि लाउडस्पीकरवरून सगळं ऐकू येत होतं. त्रिशरण, पंचशील, मंगल गाथा, मग सगळा मांडव 'साधु, साधु, साधु' म्हणाला. मीही ओल्या चादरीआड तोंड करून तीनदा म्हटलं. मग खूप रडले. एवढं रडले की खाली आल्यावर आईने विचारलं, डोळ्यांत साबण गेला का. मी हो म्हणाले. ताई इंदापूरला गेली, तिथल्या शाळेत शिकवू लागली. मी बारामतीच्या बँकेत लागले. शनिवारी काटेवाडीवरून स्कूटी हाकत सणसरला यायचं आणि सोमवारी पहाटे परत जायचं. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना आम्ही दोघी, पण रस्त्यात कधी गाठ पडली नाही.

गाठ पडली ती गेल्या वर्षी, बारामतीच्या एका दवाखान्यात. काकीचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. आईनेच मला फोन करून सांगितलं, आणि वर म्हणाली, "मी सांगितलं म्हणून सांगू नगंस." मी भाकरी आणि मुगाची आमटी घेऊन गेले. ताई व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. मी शेजारी बसले. माझ्या हातातली पिशवी तिने घेतली, उघडून वास घेतला आणि एकदम विचारलं,

"डबा हाय का गं आपला अजून?"

मी आमटीच्या डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हाय की," मी म्हणाले. "चालतो पण."

"टीव्ही बी हाय. आईनं तसाच ठेवलाय." मग जरा थांबून म्हणाली, "त्या गेमचा नवा भाग आलाय म्हणं. आमच्या शाळंतली पोरं सांगत असत्यात. पाऊस पडतो त्यात, काचंवर थेंब दिसत्यात."

"ये की मग," मी म्हणाले. "मे महिन्यात माहेरी येशीलच. खेळू."

"येते," ती म्हणाली. आणि मग, "बघू."

ते 'बघू' मला कळलं. माहेरी ती दर वर्षी येतच होती. प्रश्न भिंतीच्या अलीकडचा होता. नाना आणि अण्णा अजून बोलत नव्हते, आणि नानांच्या डोळ्यांदेखत आमच्या दारात यायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मला माझी ताई परत हवी होती. त्यासाठी मोठ्या माणसांची समजूत काढणं माझ्या हातात नव्हतं. डब्यावर नवा गेम चालवणं मात्र होतं.

तर मी ग्राफिक्स कार्ड घ्यायला बारामतीत गेले. दुकानातल्या माणसाने आधी विचारलं, "मुलासाठी का?" मी म्हटलं, माझ्यासाठी. मग त्याने डब्याचं वय विचारलं आणि मी सांगितल्यावर असा चेहरा केला की जणू मी जुन्या बैलगाडीला एसी बसवायला निघाले होते. "मॅडम, नवीनच घ्या ना," तो म्हणाला. मी म्हटलं, नवीन नको, हाच पाहिजे. नवीन डब्यावर ताईला काय घेणं? तिचा अर्धा वाटा जुन्यात होता. पण हे त्याला कुठे सांगत बसू.

कंपनीच्या तयार डब्यात अडचणी भरपूर, हे मला घरी आल्यावर कळत गेलं. डबा अरुंद, त्यामुळे नेहमीचं कार्ड त्यात आडवं येतं. अर्ध्या उंचीचं कार्ड शोधावं लागतं. आतला वीजपुरवठ्याचा डबा जेमतेम ताकदीचा आणि त्याला कार्डासाठी वेगळी वायरच नाही. म्हणजे कार्ड असं हवं की ज्या खाचेत बसेल त्या खाचेतूनच मिळेल तेवढ्या विजेवर भागवेल. आईच्या शिलाईच्या टेपने मी डबा आतून मोजला. दुकानदाराने दोनदा चुकीचं कार्ड दाखवलं, मी दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा मिळालं. अगदी नवं नव्हे, काही वर्षांपूर्वीचं, पण पावसाचे थेंब दाखवणारं. सोबत मेमरी वाढवली.

बसवायला रविवारची सकाळ धरली. ओसरीवर वर्तमानपत्र अंथरलं, डबा आडवा केला, बाजूचा पत्रा काढला आणि बघतच राहिले. आत काजळी. आमच्या सगळ्या हंगामांच्या पाचटाची काजळी पंख्याच्या पात्यांवर, वायरींवर, कोपऱ्याकोपऱ्यात थर धरून बसली होती. रंगाच्या कोऱ्या ब्रशने मी ती झाडायला लागले तसा तो वास आला. मी ब्रश खाली ठेवून नुसती बसून राहिले. अण्णा गोठ्याकडून येत होते, ते थांबले.

"बिघडला व्हय?"

"न्हाय. नवा भाग बसवतीय. बॅटरी धरता का जरा? आत दिसंना."

त्यांनी खुंटीवरची बॅटरी आणली आणि उकिडवे बसून प्रकाश धरला. रात्री मोटर लावायला जायची जुनी बॅटरी, तिचा झोत विहिरीच्या तळाला पोचेल असा. मी मागची लांब पट्टी काढून कार्डाला आखूड पट्टी लावली, खाचेवर धरलं आणि दाबलं. बसेना. आणखी दाबायची भीती वाटत होती.

"दाब की," अण्णा म्हणाले. "भिऊन कुठं बसतं का काय."

दाबलं. टक्क आवाज झाला आणि बसलं.

"कशापायी ही सगळं?" त्यांनी विचारलं.

"ताई येणार हाय. मे महिन्यात."

"कुणाच्या घरी?" अण्णा म्हणाले.

मी स्क्रू पिळत राहिले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "ब्रेक न्हाय ठाऊक त्या पोरीला," आणि बॅटरी बंद करून गोठ्यात गेले.

माझ्या सायबर कॅफेवाल्या टीव्हीवर नवा गेम चालला. अधूनमधून धापा टाकायचा, पण चालला. पावसाचे थेंब काचेवर ओघळत होते, वळणावरचा रस्ता ओला चमकत होता. मी एकटीने एक शर्यत लावली आणि सवयीने वळणावर ब्रेक लावला. हसायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून बंद केलं. तिच्यासाठी राखून ठेवलं.

मे महिन्यात ताई आली. आली म्हणजे पलीकडे आली. सकाळी रिक्षा थांबल्याचा आवाज झाला, काकीचं 'आलीस व्हय गं' ऐकू आलं. मी डबा चालू करून बसले. चहाची वेळ गेली. जेवणं झाली. अण्णा ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हते. मला तो जुना रविवार आठवायला लागला, आणि खरं सांगते, मला घाबरायला झालं. वाटलं, आज नाही आली तर आता कधीच येणार नाही.

आणि मग अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं. फाटकातून ताई आत येत होती. दोन्ही हातांत टीव्ही, क्रोशाच्या आच्छादनासकट, वायर गळ्यात. आता अंगाने भरलेली, केसांत एखादा पांढरा, पण चाल तीच, ओझ्याने मागे कललेली. भिंतीच्या वरून मला पलीकडच्या पायरीवर उभी असलेली काकी दिसत होती. नाना कुठे दिसत नव्हते, पण त्यांची बाज पायरीजवळच असते.

"बारके, सरक," ती दारातून म्हणाली. "टीव्ही आलाय."

अण्णा उठून उभे राहिले. तिने टीव्ही माझ्या हातात दिला, वाकून त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लवकर काढलाच नाही.

मी माझा टीव्ही बाजूला केला, तिचा ठेवला, वायर घेऊन डब्यामागे गेले आणि तिथेच थबकले. तिच्या टीव्हीची पिन जुनी, निळी, तीन रांगांत काट्यांची. नव्या कार्डाला ती खाचच नव्हती; माझ्या टीव्हीला नव्या पिनेचीही सोय होती, म्हणून आधी काही अडलं नव्हतं. आईच्या टेपने सगळं सगळं मोजलं होतं मी, कार्डाची उंची, लांबी, वीज, पण ताई तिचा टीव्ही घेऊन येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डब्याच्या मागे जुनी निळी खाच होती. त्यात लावून बघितलं. पडद्यावर नुसती अक्षरं नाचली, सिग्नल नाही म्हणून. कार्ड आत असेपर्यंत ती खाच मुकी राहणार होती.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"पिन बसंना."

"ऱ्हाऊ दे की मग," ती सहज म्हणाली. "तुझा लाव. तुझा नवा हाय."

आणि तिने वायर गुंडाळायला घेतली. ते गुंडाळणं मला पाठ होतं. प्रत्येक संध्याकाळी ती तशीच गुंडाळायची, मनगटाला दोन वेढे देऊन. ती हसत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. एवढं सगळ्यांच्या देखत उचलून आणलेला तिचा वाटा आमच्या घरात बसत नव्हता. आणि तो बसू नये अशी व्यवस्था मीच, इतक्या मायेने, स्क्रू पिळून करून ठेवली होती.

मी पेचकस घेतला.

"अगं, काय करतीस? एवढं बसिवलंस न्हवं?"

"गप बस," मी म्हणाले. "अण्णा, बॅटरी!"

अण्णा बॅटरी घेऊन आले. भर दुपारी, दारातून ऊन येत असताना झोत टाकून उभे राहिले. मी पत्रा काढला, कार्ड उपसलं आणि पावसाच्या थेंबांसकट त्याच्या खोक्यात ठेवून दिलं. निळी पिन निळ्या खाचेत लावली. बटण दाबलं. टीव्हीचा दिवा लुकलुकला, बराच वेळ विचार करत राहिला आणि मग पडदा उजळला. एका कोपऱ्यात पिवळट डाग पडला होता, पण दिसत सगळं होतं. मी जुना गेम शोधला. होता. पडदा मधोमध दुभागला. वरची गाडी तिची, खालची माझी.

ताई बाजेवर माझ्या शेजारी येऊन बसली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. तिने बाणांच्या बटणांवर बोटं ठेवली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"लागला का गं टीव्ही?"

नानांचा आवाज. ताईची बोटं तशीच थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. प्रश्न तिला होता, उत्तर तिनेच द्यायचं होतं. पण आमच्या मागून, बॅटरी अजून चालूच ठेवून उभे असलेले अण्णा मोठ्याने म्हणाले,

"लागला रं नाना! लागला!"

पलीकडे बाज करकरली, खाकरल्याचा आवाज आला. "मग बांधाकडं ध्यान ठिवा म्हणावं," नाना म्हणाले.

अण्णांनी बॅटरी बंद केली. ती खुंटीला अडकवायला गेले आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करूनच उभे राहिले. मला शर्यतीतलं काहीही दिसत नव्हतं. डोळे भरून आले होते. पहिल्याच वळणावर ताईची गाडी भिंतीला आदळली, गरगर फिरली, आणि तरीही ती माझ्या आधी पोचली. मी ब्रेक लावला होता की नाही, कुणास ठाऊक.

कार्ड अजून खोक्यातच आहे. त्या पिनेसाठी एक छोटा जोड मिळतो, असं बारामतीच्या दुकानदाराने नंतर सांगितलं. तो लावला की जुना टीव्हीही चालेल आणि पाऊसही दिसेल. अजून आणलेला नाही. आणीन कधीतरी.

संध्याकाळी ताईने वायर गुंडाळायला घेतली तेव्हा मी तिला म्हटलं, "हितंच ठेव की आता. कशाला वागवतीस?"

"येडी हायस का?" ती म्हणाली. "हितं ठेवला तर परत कशाला येऊ?"

आणि वायर गळ्यात टाकून, टीव्ही छातीशी धरून ती फाटकातून बाहेर पडली.